सरूवयनी आणि उतरलेले रंग

गणपती पोचवून आलं की घर एकदम मोठं वाटायला लागतं. चौरंग रिकामा असतो आणि मखराभोवतीच्या पताका उगाचच हलत असतात. माझ्या माहेरी, कोल्हापूरकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला भाऊ त्या पताका टरटरा ओढून काढायचा, त्यांचा बोळा करायचा आणि बंबात घालायचा. त्या दिवशी अंघोळीचं पाणी लवकर तापायचं. आराशीचा शेवट असाच असतो, असं मी लग्नापर्यंत समजून चालले होते.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन देवगडजवळच्या जामसंड्याला आले. सासरच्या पहिल्याच चतुर्थीनंतर, नवी सून म्हणून कामाचा उत्साह दाखवावा, या विचारानं सकाळीच मखरापाशी गेले. पताकेचं टोक धरलं आणि ओढणार, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट पकडलं.

"सावकाश गो बाय. ती काय तुझी दुश्मन न्हय."

ही माझी थोरली जाऊ, सरूवयनी. उंच, सावळी, लांब बोटांची. तिनं एक ओलं फडकं आणलं, पताका जिथं जिथं चिकटवली होती तिथं तिथं ते टेकवलं आणि खाली बसून विड्याचं पान लावायला लागली. पान खाऊन होईपर्यंत तांदळाची खळ भिजली आणि पताका आपसूक तिच्या हातात आली. मग तांब्यात कढत पाणी भरून त्या तांब्यानं तिनं एकेक कागदाला इस्त्री केली, सुतळ्या सोडवून बांबूच्या कांबीवर गुंडाळल्या, बेगडाचे तुकडे लुगड्याच्या घडीत ठेवले. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. दुपारचं जेवण उरकून आम्ही पुन्हा बसलो आणि दिवेलागणीला उठलो.

"वयनी, तुम्ही आरास लावायलासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता," मी म्हटलं.

"पयला म्हणजे, माका 'तू' म्हण. आणि दुसरा, लावूक कोणय लावता गो. काढूक येवक व्हया."

हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढं कितीदा ऐकलं. कुणाच्या घरी लग्नाचा मांडव उतरवताना बांबू आपटल्याचा आवाज आला, की ती आपल्या पडवीतून मान हलवायची. म्हणायची, "ऐक. हेंका काढूक येणा नाय."

त्या वर्षी दिवाळीला आमच्या दारात आकाशकंदील लागला, तो मी बराच वेळ बघत राहिले. ओळखीचा वाटत होता. मग ध्यानात आलं, ह्या तर चतुर्थीच्या पताका. गुलाबी उडून फिकट झालेली, हिरवी पिवळटलेली. पण आतून पणती लावल्यावर त्या कंदिलाला जो मऊ उजेड आला होता, तसा नव्याकोऱ्या कागदाच्या कंदिलाला आलेला मी पाहिला नव्हता. मी तसं म्हटल्यावर वयनी खूश झाली.

"नवे रंग भांडतत गो. ह्यो म्हणता मी मोठो, त्यो म्हणता मी मोठो. उतारलेले रंग एकामेकाक सांभाळून घेतत."

दिवाळी संपली की त्याच कंदिलाच्या कामट्या तुळशीच्या लग्नात छोट्या मांडवाला यायच्या. मांडव उतरला की त्याच्या झालरीचं माजघराच्या खिडकीला काहीतरी व्हायचं. माटवीला टांगलेले नारळ आम्ही खायचो आणि त्यांच्या करवंट्या ती घासून घासून आरशासारख्या करायची. त्यांत सण नसतानाही ओटीवर दिवा लागायचा. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठाल्या काकड्या, रानातल्या कवंडळाची लाल फळं, आंब्याच्या डहाळ्या असं सगळं बांधतात. आमच्याकडची माटवी बघायला शेजारच्या वाडीतून माणसं यायची, कारण ती वयनी बांधायची. ओझं एवढं, पण एक नारळ कधी कलायचा नाही.

माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. पावसाळा सोडला तर माणूस घरी कमीच. मंगळुराकडून कौलं घेऊन यायचे. येताना बायकोला लुगडं आणणारे खलाशी खूप असतील, दादा तिला चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद आणायचे, रंगीत काचमणी आणायचे, कुठल्याशा बंदरावर तुटून पडलेल्या झुंबराचे लोलक आणायचे. ते रुमालाची गाठ सोडायचे आणि ती ओटीवर बसून लहान मुलीसारखी एकेक लोलक उजेडाला धरायची. दादा मामंजींच्या देखत तिची थट्टा करायचे. त्या काळी हे धाडसच.

"हिच्या हातातसून फाटको कागद सुटणा नाय," ते म्हणायचे, "मगे मी खंय सुटतलंय!"

एका चतुर्थीला मुंबईचे मधले भावोजी मोठ्या तोऱ्यात दुकानातली तयार आरास घेऊन आले. घडी उलगडली की फूल होणारी, चमकणारी. मला वाटलं वयनीला राग येईल. तिनं ती फुलं उलटसुलट करून पाहिली, "बरी केल्यानी हत," म्हणाली आणि मानानं मखराच्या दोन्ही अंगांना लावली. पुढच्या वर्षी भावोजी पुन्हा आले. माजघराच्या दारावर एक झालर होती. ती निरखून ते म्हणाले, "सरूवयनी, ह्या खंयसून हाडलंस? आमच्या मुंबईत सुदिक असला मिळणा नाय." वयनीनं पदर तोंडाला लावला. ती त्यांचीच फुलं होती. घरातली सगळी हसली, तरी भावोजींना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

दादांचं गलबत गेलं ते वैशाखाच्या अखेरीस. हंगामाची शेवटची खेप होती. वादळ दरवर्षीपेक्षा लवकर उठलं. बरोबर निघालेली दोन गलबतं देवगडच्या बंदरात शिरली, तिसरं आलं नाही. फळ्या मिळाल्या, माणसं मिळाली नाहीत. वयनी कितीतरी दिवस रोज खाडीपर्यंत जाऊन परत यायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. एक दिवस ती गेलीच नाही, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळलं की तिनं मानलं.

वयनीला मूल नव्हतं. महिन्याभरात वैभववाडीहून तिचा भाऊ आला. म्हणाला, "आता हयसर तुझा काय आसा? चल घराक."

"ह्याच माझा घर," ती म्हणाली. "तू जेवन जा."

मामंजी ओटीवरच बसले होते. ते उठून आत आले आणि मला म्हणाले, "पाव्हण्याक बसूक पाट मांड. सरूचा पान माझ्या शेजारी वाढ." त्या घरात सून सासऱ्याच्या पंगतीला बसायची नाही. त्या दिवशी बसली.

त्या वर्षी दुखवटा म्हणून गणपतीची पूजा शेजाऱ्यांच्या हातून झाली. आरास नव्हतीच. खरा प्रश्न उभा राहिला तो त्याच्या पुढच्या वर्षी. घरात सासूबाई नव्हत्या. सणावाराचा शब्द चालायचा तो काकींचा, म्हणजे मामंजींच्या धाकट्या भावाच्या बायकोचा. काकी स्वभावानं दुष्ट नव्हत्या. मला तर त्यांनी पहिल्या बाळंतपणात स्वतः न्हाऊ घातलं होतं. पण रीत म्हणजे रीत. हरताळकेच्या आधी, आम्ही माटवीची चौकट धुवायला काढली, तेव्हा त्यांनी विषय काढला. माझ्याकडे बोट करून, वयनीकडे न बघता.

"ह्या वर्षी माटवी सुमनान बांधूची. मखराकय तिनाच हात लावूचो. सरू, तुका कळता मा? कुंकवाच्या हाताचा काम ता."

मी वयनीकडे पाहिलं. तिच्या हातात सुंभाची गुंडाळी होती. ती तिनं माझ्या हातात दिली. मी मामंजींकडे पाहिलं तर ते अंगणात बघत होते. सासूबाईंच्या जागी असलेल्या बाईपुढं त्यांचंही काही चालायचं नाही.

मग वयनी म्हणाली, "देवाक नको तर नको, काकी. पण घराक काय सुतक नाय मा?"

"घराक खंयचा सुतक?"

"मगे घर माझ्याकडे रवांदे."

काकी म्हणाल्या, "घराक काय ता कर." आणि त्यांना वाटलं, विषय संपला.

वयनी आत गेली आणि दादांची पेटी ओढून बाहेर आणली. तिच्यात इतक्या वर्षांच्या चतुर्थ्या, दिवाळ्या आणि तुळशीची लग्नं घड्या घालून निजलेली होती. पुढचे दिवस ती पडवीत बसून होती. मी स्वयंपाकघरातून येता-जाता बघायचे. जुन्या तोरणांचे मणी आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे ओवून तिनं माजघराच्या दाराला पडदा केला. मखराच्या विटलेल्या जरीच्या पडद्यातला धड भाग कापून बसायच्या पाटांना आसनं शिवली. पताकांचे तुकडे एकावर एक चिकटवून पडवीच्या गजांना पानाफुलांच्या जाळ्या केल्या. सकाळचं ऊन त्यांतून यायचं आणि सारवलेल्या जमिनीवर फिक्या रंगांचे ठसे पडायचे. ओटीच्या तुळईला चांदीच्या कागदाची मासळी पोहायला लागली. आणि दादांनी आणलेले लोलक, जे तिनं आजवर कधीच वापरले नव्हते, ते तिनं पुढच्या दाराच्या चौकटीला टांगले. वारा आला की ते बारीक आवाज करायचे. ते टांगताना मात्र तिचे हात थांबत थांबत चालत होते. मी बाहेर गेले नाही.

इकडे माटवी मी आणि माझ्या यजमानांनी बांधली. ते जामसंड्याच्या शाळेत मास्तर. फळ्यावर त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण सुंभाशी त्यांचं जमत नसे. मी एक गाठ मारायची, ते ती पुन्हा सोडायचे. शेवटी कशीबशी माटवी टांगली.

चतुर्थीच्या दिवशी पूजा झाली, आरती झाली आणि वाडीतली माणसं दर्शनाला यायला लागली. पण आत कुणी येईचना. सगळी पडवीतच थबकायची. बायका जाळ्यांना बोट लावून बघायच्या. एक म्हातारे खलाशी, दादांचे जुने सोबती, दारातल्या लोलकांखाली उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. "ह्या कोणी केल्यान?" असं जो तो विचारायचा. मी दर वेळी मोठ्यानं सांगायचे, "आमच्या वयनीनं!" इतकी मोठ्यानं की यजमान माझ्याकडे बघायला लागले. वयनी स्वतः मणीपडद्याच्या आड माजघरात उभी होती.

काकी दुसऱ्या आरतीचं ताट घेऊन गणपतीपुढं आल्या. टाळ सुरू झाले. आणि तेवढ्यात वर कुठंतरी कर्र असा आवाज झाला. मी मान वर केली. माटवीचा एक कोपरा हळूच खाली आला, नारळ एकमेकांवर आदळले आणि सगळी चौकट गणपतीच्या मुकुटाच्या दिशेनं कलली.

पुरुष होते ते जागच्या जागी खिळले. मणीपडदा खळाळला एवढंच मला आठवतं. वयनी धावत आली, चौरंगाच्या बाजूला पाय रोवले आणि दोन्ही हात वर करून ती कललेली चौकट तळहातांवर झेलली. मुकुट आणि तिचा हात यांत वीतभरही अंतर नव्हतं. नारळ, सुपारी, तवशी, सगळं ओझं त्या दोन हातांवर.

टाळ थांबले. काकींच्या तोंडून निघून गेलं, "अगो, हात..."

वयनीच्या कपाळावर घाम आला होता. ती काकींकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "हात लागलो, काकी. आता काय करू? सोडू?"

काकींनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा वयनीकडे.

"नको गो!" त्या ओरडल्या. "सोडू नको! धरून रव, माझ्या बाय, धरून रव!"

मग कुठं माणसांना पाय फुटले. कुणी सुंभ आणलं, कुणी घडवंची. यजमान वर चढले आणि घाईघाईनं गाठ मारायला लागले. वयनी खालून सांगत होती, "तसा न्हय, भावजीनू. दोन येढे घेवा. आता खालसून काढा. ओढा." माटवी सरळ झाल्यावर तिनं हात खाली घेतले. तळहातांवर चौकटीचे लाल वळ उठले होते. ती पुन्हा आत जायला वळली, तेव्हा काकी म्हणाल्या, "थयसर खंय चल्लंस? आरती अर्धी आसा." आणि वयनी तिथंच, आमच्या सगळ्यांमध्ये उभी राहिली.

काकींनी माफी मागितली नाही. त्या वळणाची बाईच नव्हती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुर्वांची टोपली वयनीपुढं सरकवली आणि म्हणाल्या, "निवड. माझी नजर पोचणा नाय." नजर चांगली पोचत होती. पुढच्या वर्षी तर हरताळकेच्या आधीच अंगणातून त्यांची हाक आली, "सरू खंय आसा? माटवी कोण बांधतला, मास्तर?" त्यावर यजमानसुद्धा हसले.

त्या चतुर्थीनंतर वाडीचं चित्रच बदललं. गणपती पोचले की दुसऱ्या दिवशी बायका आपापली उतरवलेली आरास फडक्यात बांधून आमच्या पडवीत यायच्या. कुणाच्या घरचे विटलेले पडदे, कुणाच्या लेकीच्या लग्नातली कागदी फुलं, कुणाच्या मुलाच्या बारशाच्या वेळचं, पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. वयनी आधी प्रत्येकीला ओलं फडकं टेकवायला शिकवायची. एकीनं घाई करून कागद फाडला, तर रागवायची नाही. तो फाटका तुकडा उचलून म्हणायची, "बरा झाला. हेचा पान होतला." कुडाच्या घराला जाळी आली, मासेवाल्या बाईच्या ओसरीवर करवंटीचे दिवे आले. देवगडच्या बाजाराला जाताना मी वाटेवरच्या घरांच्या पडव्या बघत जायचे आणि मनात म्हणायचे, ही आमची, ही पण आमचीच.

पुढं यजमानांची बदली झाली आणि आम्ही रत्नागिरीला गेलो. मधली काही वर्षं चतुर्थीला येणं जमलं नाही. कधी मुलांच्या परीक्षा, कधी आजारपण. साठ साल मागं पडून बरीच वर्षं झाल्यावर एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मुलांना घेऊन तळेऱ्याहून देवगडच्या गाडीत बसले आणि दुपारी घरी पोचले.

वयनीचे केस पांढरे झाले होते. पाठीला थोडा बाक आला होता. गुडघे धरल्यामुळे तिला घडवंचीवर चढता येत नव्हतं. काकी पडवीतल्या खाटेवर पडून होत्या. आता मात्र त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. माटवीची चौकट खाली तयार होती आणि ती बांधायची कुणी, याची बोलणी चालली होती. वाडीतल्या चार सुना जमल्या होत्या. त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, एक विशी-बाविशीतली मुलगी उभी होती. तिच्या कपाळावर काही नव्हतं. शेजारच्या घरची सून, शेवंती. तिचा नवरा मुंबईत गिरणीत होता. तो गेल्या वर्षी तापानं गेला.

वयनीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि सुंभाची गुंडाळी तिच्यापुढं धरली.

"तू चढ गो."

शेवंतीनं ती घेतली नाही. ती आधी दुसऱ्या सुनांकडे, मग माझ्याकडे, मग दाराकडे बघायला लागली. कुणाला तरी विचारायला हवं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बघतंस काय? गाठ तुकाच बरी येता. चढ."

पडवीतून काकींचा आवाज आला. म्हातारीचे कान अजून शाबूत होते.

"कोण चढता गो, सरू?"

मी वयनीकडे पाहिलं. तिनं आवाज जराही खाली न आणता सांगितलं, "आपली शेवंती, काकी."

खाट करकरली. मग काकी म्हणाल्या, "पाय नीट रोव म्हणान सांग तिका. घडवंची डगमगता."

वयनीनं वाकून घडवंची दोन्ही हातांनी घट्ट धरली. शेवंतीनं पदर खोचला, गुंडाळी घेतली आणि वर पाय ठेवला.